घूस आणि मगर

पुराणकारांनी देवतांना वाहने नेमून दिली, तेव्हा लहानमोठा असा भेद मनात ठेवला नाही. विशाल देहाच्या गणपतीला त्यांनी बिळात राहणारा उंदीर दिला आणि सुकुमार अशा गंगेला मकर दिला. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात मकरावर उभी असलेली गंगा आजही पाहावयास मिळते. तो मकर शिल्पकाराच्या कल्पनेतून उतरलेला असला, तरी त्याच्या मुळाशी नदीतील मगरच आहे, असे मानतात. उंदराच्या जातीचा प्राणी आणि मगर ही दोन नावे एका दमात घेण्याचा प्रसंग एरवी क्वचितच येतो. प्रत्यक्ष सृष्टीत मात्र ही दोघे पुष्कळ ठिकाणी एकमेकांचे शेजारी असतात.

सांगली जिल्ह्यातील कृष्णेचा काठ घ्या. उन्हाळ्यात पात्र आकसते आणि दोन्ही तीरांवरच्या काळ्या मातीच्या उंच दरडी उघड्या पडतात. दरडीच्या वर उसाची व धान्याची शेते असतात. त्या शेतांच्या बांधांवर जागोजागी भुसभुशीत मातीचे लहान ढीग दिसतात. ती घुशीच्या बिळांची खूण होय. त्याच दरडीच्या पायथ्याशी, पाण्यालगत, एखादे मोठे काळोखे भोक दिसते. ते मगरीचे बीळ असू शकते. भिलवडी, औदुंबर या गावांच्या परिसरात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत. कोकणात चिपळूणजवळची वाशिष्ठी आणि महाडजवळची सावित्री या नद्यांतही त्या आढळतात. घूस तर महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

घुशीच्या दोन जाती आपल्याकडे दिसतात. एक मोठी व दुसरी लहान. शेतांच्या बांधांत राहणारी, आणि येथे जिच्याविषयी सांगावयाचे आहे ती, लहान घूस होय. तिचे वजन पाव किलो किंवा त्याहून थोडे अधिक भरते. नदीतील पूर्ण वाढलेली मगर तीन मीटर लांब असते, आणि क्वचित चार मीटरांहूनही मोठी होते. तिचे वजन शंभर किलोंच्या पुढे जाते. तराजूच्या एका पारड्यात अशी एक मगर ठेवली, तर दुसऱ्या पारड्यात तीनचारशे घुशी घालाव्या लागतील. तेव्हा या दोघींत बलवान कोण, असे विचारले, तर कोणीही क्षणाचा विलंब न लावता मगरीचे नाव घेईल. हे उत्तर सोपे आहे. परंतु ते बरोबर आहे किंवा नाही, हे दोघींचा जीवनक्रम नीट पाहिल्यावरच ठरविणे योग्य होईल.

प्रथम त्यांची घरे पाहू. घूस हा प्राण्यांतील एक कुशल खोदकामगार आहे. पुढच्या पायांच्या नखांनी आणि दातांनी ती माती उकरते आणि मागे लोटून बाहेर टाकते. तिच्या बिळाला अनेक फाटे असतात. एका ठिकाणी पिलांसाठी पालापाचोळा अंथरलेली खोली असते, दुसरीकडे धान्याचे कोठार असते, आणि संकटाच्या वेळी निसटून जाण्यासाठी वेगळ्या वाटा काढलेल्या असतात. दिवसा ती बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून घेते, त्यामुळे शत्रूला आतला माग सहसा लागत नाही. पीक पिकले, की रात्री ती कणसे व लोंब्या कुरतडून बिळात नेते आणि कोठार भरते. अशा एका बिळात कधी कधी कित्येक किलो धान्य सापडते. तमिळनाडूतील इरुळ जमातीचे लोक शेतांतील बिळे खणून उंदीर व घुशी पकडण्यात निष्णात आहेत. बिळांत साठविलेले हे धान्य ते बाहेर काढीत, आणि गरिबीच्या दिवसांत त्यावर त्यांची चूलही पेटत असे.

मगर पाण्यात राहते, हे सर्वांना माहीत असते. पण तीही बीळ खणते, हे थोड्यांनाच माहीत असते. नदीच्या किंवा तळ्याच्या काठाची माती ती पायांनी व मुस्कटाने उकरते आणि कित्येक मीटर लांबीचा बोगदा तयार करते. उन्हाळ्यात वर माती तापून भाजू लागली, तरी या बोगद्यात गारवा टिकून राहतो. हिवाळ्यात बाहेर थंडी पडली, तरी आत ऊब असते. पाणी आटले, की मगर अशा बिळात पडून राहते किंवा चालत दुसऱ्या पाणवठ्याच्या शोधात जाते. मगरीच्या बिळात धान्याचे कोठार नसते, कारण तिला साठा करण्याची गरजच पडत नाही. ती का पडत नाही, हे पुढे कळेल.

आता दोघींचे दात पाहा. घुशीच्या तोंडात सोळा दात असतात. पुढे वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीचे दात, आणि मागे बारा दाढा. सुळे मुळीच नसतात. पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूस दंतवल्काचा, म्हणजे दातावरील अतिशय कठीण कवचाचा, थर असतो आणि मागची बाजू त्या मानाने मऊ असते. कुरतडताना मऊ बाजू लवकर झिजते आणि कठीण बाजू धारदार राहते. सुताराला आपली पटाशी सहाणेवर घासावी लागते, घुशीची पटाशी मात्र कामानेच परजली जाते. तिने कुरतडणे थांबविले, तर हे दात वाढत जाऊन तिला तोंड मिटणेही कठीण होईल. म्हणून घूस भुकेसाठी कुरतडते, तशी दात ताब्यात ठेवण्यासाठीही कुरतडते.

मगरीच्या जबड्यात साठांहून अधिक दात असतात. ते शंकूच्या आकाराचे व टोकदार असून, चावण्यासाठी नव्हे तर पकडण्यासाठी असतात. प्रत्येक दाताच्या पोटाशी दुसरा नवा दात तयार होत असतो. जुना पडला, की नवा त्याची जागा घेतो, आणि हे तिच्या आयुष्यात अनेकदा घडते. मगरीला भक्ष्य चावून बारीक करता येत नाही. मोठे जनावर हाती लागले, तर ते घट्ट धरून ती पाण्यात स्वतःभोवती गरगर फिरते आणि लचका तोडून तो तसाच गिळते. एकदा धरलेले न सोडण्याच्या या गुणावरूनच मराठीत ‘मगरमिठी’ हा शब्द आला. गंमत अशी, की जबडा मिटण्याचे तिचे स्नायू जितके बळकट, तितकेच तो उघडण्याचे दुबळे असतात. मिटलेल्या जबड्याभोवती दोरीचे दोनचार वेढे घातले, तर एवढ्या मोठ्या प्राण्याला तोंड उघडता येत नाही. मगरी पकडणारे वनकर्मचारी याच गोष्टीचा उपयोग करतात.

परंतु या दोन प्राण्यांतील सर्वांत मोठा भेद दातांत नाही, बिळात नाही, आकारातही नाही. तो शरीरातील उष्णतेत आहे. घूस हा सस्तन प्राणी आहे. बाहेर थंडी असो की ऊन असो, तिचे शरीर सुमारे ३७ अंश सेल्सियस इतके उबदार राहते. ही ऊब फुकट मिळत नाही. चूल पेटती ठेवावयाची, तर तिच्यात सारखी लाकडे सारावी लागतात. तसे घुशीला रोज आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके अन्न पोटात घालावे लागते. लहान देहातून उष्णता लवकर निघून जाते, म्हणून लहान प्राण्याची भूक त्याच्या आकाराच्या मानाने मोठी असते. दोनचार दिवस उपास घडला, तरी घुशीचा जीव धोक्यात येतो. तिच्या कोठाराचे रहस्य ते हेच.

मगर हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील जीव आहे. शरीर उबदार ठेवण्यासाठी ती अन्न जाळीत बसत नाही. ती ऊब सूर्याकडून घेते. हिवाळ्यात सकाळी ती वाळूवर येऊन ऊन खात पडते. अंग पुरेसे तापले, की सावलीत किंवा पाण्यात सरकते. काठावर जबडा उघडा टाकून निश्चल पडलेली मगर पाहिली, की ती कोणाला तरी गिळावयास टपली आहे, असे वाटते. पण पुष्कळदा ती तोंडावाटे अंगातील जास्त झालेली उष्णता बाहेर टाकीत असते, कारण तिला आपल्यासारखा घाम येत नाही. तिच्या डोळ्यांतून वाहणारे पाणीही असेच बदनाम झाले आहे. ते डोळे ओले ठेवण्यासाठी असते, दुःखाचे किंवा ढोंगाचे नसते. ‘नक्राश्रू’ हा शब्द माणसांच्या वागण्याला शोभतो, मगरीला तो लागू पडत नाही.

सूर्याची ऊब वापरणाऱ्या या प्राण्याला अन्न फारच थोडे लागते. मासे, बेडूक, खेकडे, पाणपक्षी, पाण्यावर आलेले एखादे जनावर, आणि काठावरचे उंदीर व घुशीसुद्धा तिच्या आहारात येतात. पण एकदा पोटभर मिळाले, की मोठी मगर आठवडे, प्रसंगी महिनेही, काही न खाता राहू शकते. घूस धान्य साठविते. मगर आपली शक्तीच खर्च न करता राखून ठेवते. टंचाईवर मात करण्याचे हे दोन अगदी वेगळे उपाय आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत.

एवढ्यावरूनही मगर अधिक भाग्यवान आहे, असे वाटेल. पण दोघींच्या संततीचा हिशेब मांडला, की पारडे फिरते. घुशीला एका वेळी साधारण सहा ते आठ पिले होतात. गर्भ वाढावयास फक्त तीन आठवड्यांच्या आसपास काळ लागतो. अन्न भरपूर असले, तर वर्षातून अनेकदा तिची वीण होते. नवी पिले सुमारे तीन महिन्यांत स्वतः आईबाप होण्याइतकी वाढतात. घूस जेमतेम वर्ष दीड वर्ष जगते, पण तेवढ्या काळात तिचा केवढा तरी वंशविस्तार होतो.

मगरीची मादी वर्षातून बहुधा एकदाच, हिवाळा संपण्याच्या सुमारास, काठावर खळगा करून त्यात पंचवीसतीस अंडी घालते आणि वर माती लोटते. ती अंड्यांवर बसत नाही. मातीची ऊब त्यांना उबविते. या उबेवरच पिलू नर होणार की मादी हे ठरते. खळग्यातील तपमान ३२ ते ३३ अंशांच्या आसपास असेल तर बहुतेक नर निपजतात, आणि त्याहून बरेच कमी असेल तर माद्या. सुमारे दोन महिन्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी पिले अंड्यांतूनच आवाज देऊ लागतात. तो ऐकून आई माती उकरते, आणि ज्या जबड्याने ती जनावरांची हाडे मोडते, त्याच जबड्यात पिलांना अलगद उचलून पाण्यात नेऊन सोडते. पुढेही काही काळ ती त्यांची राखण करते.

असे असूनही फार थोडी पिले मोठी होतात. अंडी असतानाच घोरपडी, मुंगूस, कोल्हे व रानडुकरे ती उकरून खातात. नुकते जन्मलेले पिलू वीतभराहून थोडे लांब असते, म्हणजे आकाराने घुशीपेक्षा काही फार मोठे नसते. बगळे, घारी आणि मोठे मासे त्याच्यावर टपलेले असतात. यातून जे वाचेल, त्यातील मादीला अंडी घालण्याच्या वयाला पोचण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. समजा, एक मादी सात वर्षांनी प्रथम अंडी घालते आहे. एका पिढीला चार महिने धरले, तर तेवढ्या अवधीत घुशीच्या एकवीस पिढ्या होऊन जातात.

बलवान कोण, या प्रश्नाची खरी परीक्षा माणसाने घेतली. त्याने दोघींशीही वैर धरले. घूस पीक खाते, बांध व कालवे पोखरते, रोग पसरविते, म्हणून हजारो वर्षे तो तिला मारीत आला. त्याने सापळे लावले, बिळांत धूर केला, विष पेरले. तरीही घूस कमी झाली नाही. चार गेल्या, तर आठ उपजल्या. मगरीविरुद्ध माणूस बंदूक घेऊन निघाला, तो मुख्यतः तिच्या कातड्यासाठी. त्या कातड्याच्या पिशव्या, पट्टे व जोडे यांना मोठी किंमत येत असे. त्यातच नद्यांवर धरणे झाली, काठ मोडले, अंडी घालण्याच्या जागा नाहीशा झाल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक नद्यांतील मगरी दिसेनाशा झाल्या. ज्या प्राण्याची जात कोट्यवधी वर्षांच्या उलथापालथीतून तरून आली, ती काही दशकांत संपण्याच्या मार्गास लागली. जो प्राणी सावकाश वाढतो, त्याची झालेली हानी सावकाशच भरून येते. मारणारे हात मात्र घाईचे असतात.

सुदैवाने हे वेळीच ध्यानात आले. भारताने १९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा केला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांना सर्वांत कडक संरक्षण हवे अशा प्राण्यांच्या यादीत, मगरीचे नाव आहे. याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, उंदरांचे नाव होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवींची यादी काढून टाकण्यात आली. कायद्याने संरक्षण दिले ते बलाढ्य मगरीला, इवल्याशा उंदराला त्याची गरज भासली नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९७५ साली केंद्र सरकारने मगर संवर्धनाची योजना सुरू केली. नदीकाठची अंडी गोळा करून ती सुरक्षित जागी उबविणे, पिले वाढविणे, आणि शत्रूंना तोंड देण्याइतकी मोठी झाल्यावर त्यांना पुन्हा पाण्यात सोडणे, हे काम अनेक राज्यांत झाले. १९७६ साली रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ मगरींसाठी एक केंद्र स्थापन केले. तेथे मगरींच्या जीवनाचा पुष्कळ अभ्यास झाला. या प्रयत्नांमुळे कित्येक नद्यांत मगरी पुन्हा दिसू लागल्या.

मगरी वाढल्या, तशी काठच्या माणसांची काळजीही वाढली. ही काळजी खोटी नाही. कृष्णाकाठी मगरीच्या हल्ल्यात माणसांचे प्राण गेले आहेत, आणि ज्या घरचे माणूस गेले, त्या घराला मगरीचे गुणगान ऐकविणे हा निर्दयपणा होईल. परंतु भीतीपोटी सर्व मगरी मारणे हा उपाय नव्हे. तिचा स्वभाव जाणून वागणे, हा उपाय आहे. पहाटे व सांजवेळी खोल पाण्यात उतरू नये. फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत मादी अंड्यांची राखण करीत असते, म्हणून त्या दिवसांत काठावरच्या कपारींपाशी जाऊ नये. मांसाचा व माशांचा टाकाऊ भाग नदीत फेकू नये, कारण त्या वासाने मगर घाटाजवळ येते. गावात मगर शिरलीच, तर तिच्याभोवती गर्दी न करता वनविभागाला कळवावे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात पाण्याने वेढलेल्या एका घराच्या छपरावर मगर येऊन बसलेली लोकांनी पाहिली. ती माणसांवर चाल करून आली नव्हती. नदीचा लोंढा इतका प्रचंड होता, की पाण्यात राहणाऱ्या त्या प्राण्यालाही विसाव्यासाठी कोरडी जागा शोधावी लागली. पूर आला, की बांधांतील घुशीही अशाच बिळे सोडून उंच जागी धाव घेतात. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग पसरू शकतो. म्हणून पुरानंतर अनवाणी चिखलात हिंडू नये, असे डॉक्टर सांगतात. मगरीच्या दातांची भीती सर्वांना वाटते. घुशीकडून येणारे हे संकट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. धोक्याचे माप प्राण्याच्या आकारावरून घेऊ नये, ते यासाठीच.

घुशीला आवर घालण्याचे कामही माणसाला एकट्याने करता येत नाही. ते काम गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस आणि रानमांजर रात्रंदिवस करीत असतात. धामण दिसताच काठी उचलणारा शेतकरी आपल्याच धान्याच्या राखणदाराला मारीत असतो. नदीत मगरीचेही असेच एक काम आहे. मेलेली व दुबळी जनावरे खाऊन ती पाणी स्वच्छ राखण्यास हातभार लावते. गोव्यातील खाडीकाठच्या काही गावांत लोक चिखलाची मगर तयार करून तिची पूजा करतात. या प्रथेला ‘माणगे थापणी’ म्हणतात. खाडीचे खारे पाणी अडविणाऱ्या मातीच्या बांधांवर तेथील शेती अवलंबून असते. अशा पाण्याच्या काठी राहताना मगरीशी वैर न धरता तिचा मान राखावा, ही त्या लोकांची शहाणी समजूत होय.

तेव्हा घूस आणि मगर यांत बलवान कोण? एका झटापटीपुरते पाहिले, तर मगर. पण वर्षानुवर्षांच्या जीवनकलहात टिकून राहण्याचे बळ घुशीपाशी अधिक आहे. नदीकाठी राहणाऱ्या माणसाने हा भेद ओळखला पाहिजे. घुशीच्या बाबतीत त्याने सदैव सावध राहावे, कारण ती कधी संपत नाही. मगरीच्या बाबतीत त्याने सावध तर राहावेच, पण तिला जपावेही. ती एकदा संपली, तर कोणत्याही पावसाळ्यात ती पुन्हा उगवून येणार नाही.